चांगलं पाणी म्हणजे कोणतं पाणी?

(सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आम्ही बोरगाव मेघेहून बोलतो आहोत. आमचं गाव वर्धा शहराला लागूनच आहे. बचत गटांच्या बैठकीत आमचं बोलणं कर्ज, हप्ता, पापड-मसाले आणि शिलाई यांवरच जास्त चालतं. आज मात्र आम्ही माशांच्या काचेच्या टाकीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. त्या टाकीतल्या पाण्यापायी आमच्या गटातल्या एका ताईचं नुकसान झालं. ती बैठकीला यायची बंद झाली. आणि शेवटी चूक तिची नसून आमची निघाली. म्हणून हे सांगायचं ठरवलं.

सुरुवात गप्पी माशांपासून झाली. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचे दिवस आले की आरोग्य विभागाची माणसं डबक्यांत आणि टाक्यांत गप्पी मासे सोडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. हा मासा डासांच्या अळ्या खातो. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, आणि मादी साधारण महिन्याभराने पुन्हा विते. रंगीत शेपटीचे गप्पी लोक शोभेसाठी विकत घेतात. शहर जवळ, गिऱ्हाईक जवळ. तेव्हा आम्हाला वाटलं, घरबसल्या हा जोडधंदा जमेल.

आम्ही दोन टाक्या घेतल्या. एक गटाच्या खोलीत ठेवली. दुसरी एका ताईने गटाकडून 3,000 रुपये कर्ज काढून आपल्या घरी ठेवली. दोन्ही टाक्या दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दोन्हींत सारखंच सामान होतं: खाली धुतलेली वाळू, हवेचा छोटा पंप, स्पंजची गाळणी, आणि मध्ये लाकडाचं एक सुरेख वाळकं मूळ. दुकानात त्याला ड्रिफ्टवुड म्हणतात आणि पैसे घेतात. आम्हाला ते धाम नदीच्या काठी पुराने आणून टाकलेलं मिळालं होतं. त्याचेच दोन तुकडे करून दोन टाक्यांत ठेवले.

टाकीत लाकूड का ठेवायचं, असं तुम्ही विचाराल. एक तर ते दिसतं छान. दुसरं, पिल्लांना त्याच्या मुळांत लपायला जागा मिळते, नाहीतर मोठे गप्पी स्वतःचीच पिल्लं गिळतात. तिसरं, लाकडावर बारीक शेवाळ धरतं, ते मासे टिपत राहतात.

पण आठवड्याभरात दोन्ही टाक्यांतलं पाणी तपकिरी झालं. बघायला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, “काहून बाई, पाणी तर चहासारखं झालं!” ती म्हणत होती ते खरंच होतं. चहाच्या पत्तीत जे तुरट द्रव्य असतं, तसंच झाडाच्या सालीत आणि लाकडातही असतं. त्याला टॅनिन म्हणतात. ते पाण्यात उतरलं की पाणी रंगतं आणि जरासं आंबट होतं. मासे याने मरत नाहीत. दक्षिण अमेरिकेत रिओ निग्रो नावाची मोठी नदी आहे. जंगलातली पानं-लाकडं कुजून तिचं पाणी काळ्या चहासारखं झालं आहे. त्यात लाल-निळ्या पट्ट्याचे इवलेसे टेट्रा मासे राहतात. ब्राझीलमधल्या बार्सेलोस गावातली कितीतरी कुटुंबं ते पकडून विकण्यावर पोट भरत आली आहेत. पण ते मासे मुळातच त्या आंबट, मऊ पाण्यातले. आपला गप्पी तसा नाही. त्याला कठीण पाणी मानवतं. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी गप्पीला चांगलं.

आमची चूक इथेच झाली. टाकी देताना आम्ही ताईला सांगितलं, “पाणी मात्र चांगलं घालत जा.” चांगलं म्हणजे कोणतं, हे आम्ही सांगितलं नाही. ते आम्हालाही माहीत नव्हतं. तिने आपल्या मनाने चांगल्यात चांगलं पाणी निवडलं. घरात पिण्यासाठी आरओचा 20 लिटरचा जार यायचा. दर रविवारी ती टाकीतलं पाव पाणी काढायची आणि त्या जारचं पाणी घालायची. स्वतःच्या लेकरांना देते तेच पाणी ती माशांना देत होती. गटाच्या खोलीत मात्र आम्ही बोअरचं पाणी बादलीत एक दिवस ठेवून तेच वापरत होतो, कारण तिथे जार येतच नव्हता.

दिवाळीनंतर टाक्या भरल्या होत्या. संक्रांतीपर्यंत दोन्हीकडचे मासे मजेत होते. फेब्रुवारीत ताईच्या टाकीतले मासे मंदावले. कल्ले आखडून कोपऱ्यात उभे राहायला लागले. तिने ओळखीत विचारलं. कोणीतरी सांगितलं, “लाकडाने पाणी आंबट झालं असेल, खायचा सोडा टाक.” तिने संध्याकाळी दोन चमचे सोडा विरघळवून टाकला. सकाळी 24 पैकी 17 मासे वर तरंगत होते.

त्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही बरं बोललो नाही. कोणी म्हणालं, लाकूड विषारी होतं. कोणी म्हणालं, तिने काळजी घेतली नाही. आम्हीही, समन्वयक असून, तिला विचारलं, “न विचारता सोडा टाकलाच कशाला?” ती काही बोलली नाही. पुढच्या दोन बैठकींना ती आली नाही. हप्ता तेवढा मुलाच्या हाती पाठवला.

आमच्या डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. लाकूड एकच, मासे एकाच दुकानातले, मग गटाच्या खोलीतले मासे जिवंत कसे? फरक होता तो पाण्याचा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायांना पाणी तपासायला शिकवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यापैकी काहींनी ते शिक्षण घेतलंही असेल. अशाच एका शिकलेल्या ताईला आम्ही तपासणीची पेटी घेऊन बोलावलं. शिवाय शोभेच्या माशांच्या दुकानातून अमोनिया तपासायचं औषध आणलं, कारण प्रत्येक पेटीत ते असतंच असं नाही. नशिबाने त्या ताईने सोडा टाकायच्या आधी काढलेलं पाणी झाडांना घालायला एका बादलीत ठेवलं होतं. ते जसंच्या तसं मिळालं.

तपासणीत असं निघालं. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे 300 मिलिग्रॅमच्या पुढे होता, आणि जारच्या पाण्याचा 30च्याही आत. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं, 200पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर 600पर्यंत चालवून घ्यावं. म्हणजे बोअरचं पाणी काही वाईट नव्हतं. बादलीतल्या पाण्याचा सामू 6च्या खाली गेलेला. आणि अमोनियाच्या औषधाचा रंग गडद हिरवा, म्हणजे अमोनिया भरपूर.

आता हे घडलं कसं, ते सांगतो. जरा नीट ऐका, कारण सगळा धडा यातच आहे.

सामू म्हणजे पीएच. माती परीक्षणाच्या कागदावर तो तुम्ही पाहता. 7 म्हणजे मधला, त्याखाली आंबट, त्यावर खारट बाजूचा. सामू एका अंकाने उतरला की आंबटपणा दहापट वाढतो, दोन अंकांनी उतरला की शंभरपट.

लाकूड पाण्यात आंबटपणा सोडत राहतं. माशांच्या घाणीतूनही तो तयार होतो. पण कठीण पाण्यात बहुधा चुन्याचे क्षार असतात. पाणी उकळलं की भांड्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, तेच ते. हे क्षार आंबटपणा खाऊन टाकतात आणि सामू जागेवर ठेवतात. म्हणून आमच्या बोअरच्या पाण्यात लाकडाने रंग दिला, पण सामू फारसा हलला नाही. आरओच्या यंत्रात हे क्षार गाळले जातात. ताईच्या टाकीत सुरुवातीला बोअरचंच पाणी होतं. पण दर आठवड्याला पाव पाणी बदललं, की दहा आठवड्यांनी जुन्या पाण्याचा जेमतेम अठरावा हिस्सा उरतो. जेवढे क्षार उरले तेही आंबटपणा खाण्यात संपले. मग सामू धरून ठेवायला काहीच राहिलं नाही आणि तो घसरत गेला.

दुसरी गोष्ट माशांच्या घाणीची. मासे पाण्यात अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही तो होतो. गोठ्यात मुताचा जो उग्र वास येतो, तोच हा अमोनिया. तो विषारी आहे. टाकीच्या गाळणीत, वाळूत आणि लाकडावर चांगले जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, झाडांचं खत. दह्याला विरजण लागतं तसं टाकीला हे जिवाणू लागतात. नव्या टाकीत ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. पण सामू 6च्या खाली गेला की ते काम सोडतात. ताईच्या टाकीत तेच झालं. अमोनिया साचत गेला.

मग मासे त्याच वेळी का मेले नाहीत? कारण आंबट पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, आणि ते रूप माशांना तेवढं बाधत नाही. सामू वाढला की तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतं. 25 अंश तापमानाला सामू 6 असताना एकूण अमोनियाचा हजारावा भागसुद्धा विषारी रूपात नसतो. सामू 7ला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास जातो, आणि 8ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे 6वरून 8वर आलं की विष जवळजवळ शंभरपट. खायच्या सोड्याने एका संध्याकाळीत नेमकं हेच केलं.

लाकडाचा दोष नव्हता. ताईने काळजी घेतली नव्हती असंही नाही, काळजी घेतली म्हणून तर ती जारचं पाणी विकत घेऊन घालत होती. “चांगलं पाणी घाल” एवढंच सांगून आम्ही मोकळे झालो, ही आमची चूक. हे आम्ही तिच्या घरी जाऊन तिला सांगितलं. नंतर बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं आणि इतिवृत्तात लिहून घेतलं. मेलेल्या माशांचं नुकसान गटाने वाटून घेतलं. ताई आता पुन्हा येते. उरलेल्या सात माशांवरच तिने टाकी पुन्हा उभी केली.

आता ज्या मैत्रिणींना टाकी ठेवायची आहे, त्यांच्यासाठी आम्ही शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिलं, लाकूड. पूर्ण वाळलेलं, चीक नसलेलं, साल सुटलेलं टणक लाकूड घ्या. कण्हेर आणि रुई यांना हात लावू नका. कडुनिंब आणि निलगिरीही नको. आपला कापसाचा मुलूख आहे. फवारणीच्या शेतातून, औषधाच्या डब्यांजवळून लाकूड उचलू नका. कीटकनाशकाचा अंश मासा सहन करत नाही. राखीव जंगलातून आणि बोरच्या अभयारण्यातून तर काडीही आणायची नाही, तो गुन्हा आहे. आणलेलं लाकूड घासून धुवा. मोठ्या गंजात चुलीवर तास-दोन तास उकळा, पाणी फेका, पुन्हा उकळा. मग आठवडा-दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. रंगही कमी होतो आणि लाकूड जड होऊन तळाला बसतं. तरंगलंच तर दगडाला बांधा. नव्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत पांढरा बुळबुळीत थर येतो. घाबरू नका, ब्रशने काढून टाका, तो हळूहळू आपोआप थांबतो.

दुसरं, पाण्याचं माप. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणा आणि हजाराने भागा. आमच्या टाकीत 60 गुणिले 30 गुणिले 25 भागिले हजार, म्हणजे 45 लिटर. वाळू-लाकूड वजा जाता 40 धरा. माप माहीत नसलं की चमचाभर औषधही जास्त होतं.

तिसरं, कोणतं पाणी. गप्पीसाठी विहिरीचं किंवा बोअरचं कठीण पाणी चालतं. नळाचं पाणी असेल, किंवा विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल, तर त्यात क्लोरीन असतं. ते माशांचे कल्ले जाळतं आणि चांगले जिवाणूही मारतं. असं पाणी पसरट भांड्यात उघडं ठेवा, एक दिवस तरी. पावसाळ्यात पंचायत पावडर वाढवते, तेव्हा जास्त जपा. जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात, ती आपणही करू शकतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन अजून आहे, थांबायचं. नुसतं आरओचं किंवा पावसाचं पाणी लाकूड असलेल्या टाकीत घालायचं नाही. घालायचंच असेल तर कठीण पाण्यात मिसळून, आणि प्रत्येक वेळी त्याच मापाने.

चौथं, सुरुवात. टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडू नका. जुन्या चालू टाकीतला स्पंज पिळून त्याचं पाणी नव्या टाकीत घाला, तेच विरजण. दोन-तीन मासे सोडून महिनाभर अमोनिया तपासत राहा, मग संख्या वाढवा. मासे सोडताना पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा आणि थोडंथोडं टाकीचं पाणी तिच्यात घालत जा.

पाचवं, दर आठवड्याचं काम. पाव हिस्सा, म्हणजे आमच्या टाकीत 10 लिटर पाणी बदला. काढलेलं पाणी तुळशीला, भाजीला घाला, त्यात खत असतं. गाळणीचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. नळाखाली साबणाने धुतला, की जिवाणू गेले. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढी चिमूटच द्या.

सहावं, सामू. आठवड्याला एकदा तपासा आणि तारीख टाकून लिहा. पेटी नसेल तर जास्वंदाच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून रंग काढा आणि त्यात टाकीचं पाणी घाला. लालसर झालं तर आंबट, हिरवट झालं तर खारट. हा ढोबळ अंदाज आहे, आणि टाकीचं पाणी तपकिरी असलं तर रंग फसवतो, हे ध्यानात ठेवा. सामू उतरताना दिसला तर गाळणीत मूठभर धुतलेले शिंपले ठेवा. ते हळूहळू विरघळतात आणि चुन्याचे क्षार देतात. वाळूत किंवा दगडात चुना आहे का ते पाहायचं असेल तर लिंबाचा रस टाका, बुडबुडे आले तर आहे.

आणि सामू फारच घसरला असेल तर? सोडा टाकू नका. दोन-तीन दिवस खाणं बंद करा. रोज दहावा हिस्सा पाणी बदला, जास्त नाही, आणि अमोनिया तपासत राहा. टाकी बिघडायला दोन-अडीच महिने लागले, तर सुधारायला आठवडाभर तरी द्या.

सातवं, आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये वर्ध्याचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. 25 अंशांना लिटरमध्ये आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू विरघळतो, 35 अंशांना सातच्या आसपास. वर तापमानाने अमोनियाही जास्त विषारी होतो. टाकी टिनाच्या छताखाली, पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. मासे कमी ठेवा. वीज गेली आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, तर तांब्याने पाणी काढून वितभर उंचीवरून पुन्हा ओता, वीज येईपर्यंत अधूनमधून. लेकरांना हे काम फार आवडतं.

आणखी एक. गप्पी आपल्या मातीतला नाही, परदेशी मासा आहे. जास्त झाले म्हणून धाम नदीत किंवा तलावात सोडू नका. डासांसाठी कुठे सोडायचे ते आरोग्य विभागाला ठरवू द्या.

ज्यांना हा धंदा मोठा करायचा आहे, त्यांनी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची चौकशी करावी. घराच्या परसात शोभेचे मासे वाढवायचं युनिट 2020 साली सुरू झालेल्या या योजनेत आहे, आणि महिलांसाठी सहाय्याचं प्रमाण खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत ठेवलेलं आहे. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, जवळ सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारा. पण आधी एक टाकी वर्षभर नीट चालवून दाखवा, मगच कर्ज काढा. आमच्या गटात आता हाच नियम आहे. दुसरा नियम असा, की कोणाचं नुकसान झालं तर त्या बाईला दोष देण्याआधी पाणी तपासायचं.

मैत्रिणींनो, पाणी आपण रोज भरतो, गाळतो, उकळतो. त्याची पारख आपल्या हाताला आहेच. फक्त पिण्याचं चांगलं पाणी वेगळं, डाळीचं वेगळं आणि माशांचं वेगळं, एवढं आम्हाला 17 मासे गमावून कळलं. तुम्हाला ते आमच्या सांगण्यावरून कळावं, म्हणून हा बोलण्याचा खटाटोप. तुमच्या गटात कोणाची टाकी असेल तर या आठवड्यात तिचा सामू तपासून वहीत लिहा, आणि काय निघालं ते आपल्या रेडिओ केंद्राला नक्की कळवा.